नाच्याचे नाव

(मध्य प्रदेशातील लोधीखेडा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाहीर होते. त्यांचा डफ घेतलेला फोटो या मंचावर आहे, त्याला हार आहे, खाली त्यांचे पूर्ण नाव आहे. त्यांची कवने पाठ असलेली माणसे आजही समोर बसलेली मला दिसतात. आज मी बोलणार आहे ते त्यांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल. खडी गंमतीत शाहिराच्या बाजूला लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून एक पुरुष रात्रभर उभा असायचा. आपण त्याला नाच्या म्हणत आलो. शाहिरांची नावे आपण जपली, कलगीवाले कोण आणि तुरेवाले कोण हे आपल्याला तोंडपाठ आहे. नाच्यांची नावे विचारली की म्हातारी मंडळीसुद्धा हसतात आणि विषय बदलतात. हे हसणे मला गेली अनेक वर्षे खुपत आले आहे. आजचे व्याख्यान त्याच्याविरुद्ध आहे, असे समजा.

आधी कलेबद्दल बोलू, कारण नाच्याची चर्चा निघाली की कलेचे बोलणे सगळ्यात शेवटी येते, बहुतेक वेळा येतच नाही.

खडी गंमत म्हणजे उभ्याने करायचा खेळ. रंगमंच नाही, पडदा नाही, विंग नाही. गावच्या चौकात किंवा मारुतीच्या पारासमोर जागा करायची, लोक कडेने बसायचे आणि मध्ये शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी आणि नाच्या. नागपूर-भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरतात, तेव्हा रात्री अशा गंमती उभ्या राहायच्या. आपला भागही त्याच पट्ट्यातला. गण झाला की गौळण, मग लावणी, सवाल-जवाब, पोवाडा आणि शेवटी एखादे कथानक. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. कोणी चिलीम ओढतो आहे, कुणाचे पोर मांडीवर झोपले आहे, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अंगाने राकट, दिवसा नांगर धरणारा माणूस राधा झाला पाहिजे.

संगीत नाटकातल्या नटाला अंतराची मदत होती. पायदिवे होते, मागे रंगवलेला पडदा होता, प्रवेश संपला की आत जाऊन पाणी प्यायची सोय होती. गंमतीतल्या नाच्याला यातले काही नव्हते. आत जायला आतच नव्हते! राधेची गौळण संपली की त्याच लुगड्यात, त्याच जागी तो सासू व्हायचा. पदर डोक्यावर आला की घरंदाज सून, कमरेला खोचला की भांडकुदळ शेजारीण, खांद्यावरून सुटा सोडला की लावणीतली नार. कपडेपट नावाची गोष्टच नसल्यामुळे सगळा वेषपालट त्या एका पदरातून आणि मानेच्या वळणातून करावा लागे. नाकातली नथ चापाची, केसांत गंगावन, चेहऱ्यावर मुरदाडशिंगाचा लेप. हे मुरदाडशिंग म्हणजे शिशाचेच एक रूप. वर्षानुवर्षे ते तोंडाला फासणाऱ्या माणसाच्या कातडीचे काय होत असेल, याचा विचार आपण पाहणाऱ्यांनी कधी केला नाही. पहाटे चारला दाढीचे खुंट लेपातून वर यायचे आणि त्याच वेळी कथानकातला सगळ्यात करुण भाग आलेला असायचा. त्या खुंटांसकट तो बायांना रडवायचा. माझ्या मते स्त्रीभूमिकेची याहून कठीण परीक्षा मराठी मुलखात दुसरीकडे कुठे नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, पुरुषाने बाई होणे ही तर आपल्या रंगभूमीची जुनी चाल. अगदी खरे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सीता पुरुषच होता. किर्लोस्कर मंडळींच्या ‘सौभद्रा’तली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करत. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांनीही सिनेमाला नकार दिला, तेव्हा मुंबईच्या एका खाणावळीत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. भारतीय सिनेमाची पहिली नायिका पुरुष होती, हे आपण शाळेत मुलांना कौतुकाने शिकवतो.

आणि नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांची ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, ‘एकच प्याला’तली सिंधू यांच्याबद्दल मी नव्याने काय सांगणार? घरंदाज बायका त्यांच्या नेसण्याची, अंबाड्याची, बोलण्याच्या लकबीची नक्कल करत. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत त्यांनी आणि केशवराव भोसल्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केले, तेव्हा धैर्यधर केशवरावांचा आणि भामिनी बालगंधर्वांची होती. स्वराज्याच्या कामाला लुगड्यातला पुरुष चालला, कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. शेवटची वर्षे त्यांनी हलाखीत काढली, कर्जाने त्यांना पोखरले, हेही खरे आहे. पण त्यांचे नाव घेताना महाराष्ट्राने कधी आवाज खाली केला नाही.

मग नाच्याचे नाव घेताना आवाज खाली का जातो? लुगडे तेच, गंगावन तेच, पुरुषाने बाईचे दुःख आपल्या अंगावर घ्यायचे ते कामही तेच. फरक कशात आहे ते मी स्पष्टच सांगतो. एकाच्या खेळाला तिकीट होते आणि पुढच्या रांगेत वकील-डॉक्टर बसत. दुसऱ्याच्या खेळाला सुपारी होती आणि समोर शेतमजूर बसत. एक वरच्या जातींतून आला, शास्त्रोक्त गाणे शिकला. दुसरा कुणब्या-तेल्याच्या, महारा-मांगाच्या, कोष्ट्याच्या घरातून आला आणि ढोलकीच्या ठेक्यावर वाढला. पहिल्याला आपण अभिनय म्हटले आणि दुसऱ्याला त्याच्या मर्दानगीतली खोट. कलेच्या नावाखाली आपण जातीचा आणि पैशाचा निवाडा करत होतो. हे मला इतके उघड दिसते की त्यावर फार वाद घालावासाही वाटत नाही.

नाच्या म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेला एकच माणूस, कोल्हापूरचे गणपत पाटील. जन्म १९२०, घरची अतिशय गरिबी. लहानपणापासून मिळेल ते काम केले, मेळ्यांतून बायकी भूमिका केल्या, रंगभूषेचे काम शिकले, सिनेमाच्या कंपन्यांतून पडेल ती कामे केली. ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकातला त्यांचा नाच्या गाजला आणि पुढे तमाशापटांच्या लाटेत तो त्यांना कायमचा चिकटला. ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’, ‘गणानं घुंगरू हरवलं’. तमाशाचा फड पडद्यावर आला की लोक गणपत पाटलांची वाट पाहत. खांद्यावरचे उपरणे ओढून घेणे, कमरेवर हात, मान वेळावून टाळी. थिएटर हसून कोसळायचे.

आणि ते थिएटरबाहेर आले की हसणे थांबत नसे. गणपत पाटील संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे बाप होते. पण त्यांनी इतकी चोख भूमिका केली की लोकांनी ती त्यांच्या देहाला चिकटवली. ते खरोखरच ‘तसे’ आहेत, असे गावोगाव ठरले. त्याची झळ घरच्यांनाही बसली, मुलांची लग्ने जमवतानासुद्धा हा नाच्या आडवा आला. त्यांनी आत्मचरित्राला नावच ‘रंग नाच्याचा’ दिले. जगाने जो शब्द शिवीसारखा वापरला तो स्वतःच्या पुस्तकावर छापायला केवढी छाती लागते! २३ मार्च २००८ रोजी ते गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १ जानेवारी २०१० रोजी, रवी जाधवांचा ‘नटरंग’ पडद्यावर आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकांनीही नागपूरला जाऊन पाहिला असेल. अतुल कुलकर्णींचा गुणा पैलवान आहे, शेतमजूर आहे, त्याला तमाशाचा नाद आहे. फडाला नाच्या मिळत नाही म्हणून तो स्वतः नाच्या होतो आणि त्याची किंमत सबंध आयुष्याने मोजतो. सिनेमाला टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतल्या किती जणांनी आपल्या गावच्या नाच्याचे दार वाजवले?

मी वाजवले. या भागात फिरताना एका वयस्क माणसाशी माझे बोलणे झाले. तरुणपणी ते गंमतीत नाचत. गावाचे नाव सांगत नाही, त्यांचेही नाही, कारण त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा नाही. ते म्हणाले, “मी रातभर नाचो, अन् सकाळी मजुरीले जाओ. वावरात बी पोट्टे शिट्ट्या मारत. रातच्याले मारलं त इनाम वाटे, दिवसा मारलं त मरन वाटे.” मग त्यांनी बसल्या बसल्या हाताने गौळणीचा एक भाव करून दाखवला. मडके डोक्यावरून उतरवायचे आणि ते फुटू नये म्हणून श्वास कसा धरायचा, एवढाच. मडके नव्हतेच, तरी मला त्याचे वजन दिसले. तेवढ्यात आतून सून बाहेर आली, म्हाताऱ्याने हात खाली घेतला आणि आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल बोलू लागलो.

त्या सुनेला मी दोष देत नाही. तिच्या मुलांना उद्या शाळेत कोणी ‘नाच्याचा नातू’ म्हणून चिडवू नये, एवढेच तिला हवे आहे. दोष चिडवणाऱ्यांचा, आणि चिडवू देणाऱ्यांचा.

इथे एक नाजूक गोष्ट बोलून घेतो. नाच्याची बाजू घेणारे बरेच लोक घाईने म्हणतात, “अहो, तो काही तसा नव्हता, बायको-पोरे होती त्याला.” गणपत पाटलांच्या बाबतीत ते खरे होते आणि त्यांच्यावर अन्यायच झाला. पण हा बचाव पुरेसा नाही, आणि त्यातून दुसऱ्यावर अन्याय होतो. समजा, एखादा नाच्या खरोखरच मनाने स्त्री असता, तर त्याला शिट्ट्या मारायला मोकळीक होती का? लुगडे नेसल्यावरच ज्याला स्वतःच्या अंगात नीट राहता आले असेल, असाही कोणी या फडांतून उभा राहिला असेल. गावाने त्याला एरवी कुठेच जागा दिली नसती. गंमतीच्या चौकात एका रात्रीपुरती मिळाली. कोण कुठला हे शोधण्याचा आपल्याला अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात प्रत्येकाला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. आणि आपल्याच मध्य प्रदेशाने त्याच्या कितीतरी आधी शहडोलकडच्या सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसींना आमदार म्हणून निवडून दिले होते. देशातल्या पहिल्या किन्नर आमदार आपल्या राज्याच्या. लोधीखेड्याच्या माणसाने ही गोष्ट अभिमानाने सांगावी.

नाच्याचे भाऊबंद देशभर आहेत. कोकणात दशावतारात आजही पुरुषच स्त्रीपार्टी करतात आणि ओमप्रकाश चव्हाणांसारख्या नटाचे नाव तिथे आदराने घेतले जाते. आपल्या पूर्वेला, छत्तीसगढच्या नाचामध्ये पुरुष ‘परी’ होतात, आणि त्या नाचातल्या प्रहसनाला तिकडचे लोक ‘गम्मत’च म्हणतात. रवेलीच्या दाऊ मंदराजींनी तो नाचा नावारूपाला आणला, हबीब तन्वीरांनी त्यातले कलावंत घेऊन जगभर नाटके केली. बिहारात भिखारी ठाकुरांच्या मंडळीत नाचलेले रामचंद्र मांझी लहान वयापासून लुगड्यात नाचत आले, नव्वदी गाठली तरी नाचत राहिले. त्यांनाही लोक ‘लौंडा’ म्हणूनच हिणवत. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२२ साली ते गेले. मुंबईत तर आता रानी कोहिनूर या नावाने झगमगत्या पोशाखात गाणारी कलावंत दूरचित्रवाणीच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली आणि घराघरांत पोचली. शहरातल्या हॉटेलांत तिकीट काढून असे कार्यक्रम पाहणारी तरुण मुले त्याला ‘ड्रॅग’ म्हणतात, त्यातल्या कलावंतांचा सत्कार करतात. मला त्याचा आनंदच आहे. त्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते की तुमच्या आजोबांच्या गावात हे काम कंदिलाच्या उजेडात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालत होते. ती परंपरा तुमची आहे, ती परदेशातून मागवावी लागत नाही.

हे सगळे लोधीखेड्यात बोलण्याचे एक खास कारण आहे. १९५६ पर्यंत आपण आणि नागपूर एकाच प्रांतात होतो. मग राज्ये झाली, नागपूर मुंबईकडे गेले आणि सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव मध्य प्रदेशात राहिले. बोली तीच राहिली, पोळा तोच, संत्रा-कापूस तोच, सोयरीक आजही सावनेर-काटोलकडे होते. कलावंताची मात्र ससेहोलपट झाली. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधनाची योजना आहे, पण तिच्यासाठी महाराष्ट्राचा रहिवास लागतो. भोपाळला लोककला म्हटले की निमाड, माळवा, बुंदेलखंड, बघेलखंड आठवतात, गोंड-बैगा आठवतात. मराठी गंमत तिथे परकी वाटते. मुंबईच्या दृष्टीने आपण हद्दीबाहेर, भोपाळच्या दृष्टीने भाषेबाहेर. आणि या दोन्हींच्या बाहेर ढकललेल्या माणसांतही सगळ्यात शेवटी उभा आहे तो नाच्या, कारण त्याला आपलेच गाव आपला म्हणत नाही. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोनच तालुके आहेत, दोन्हीकडे मराठी चालते. नव्या जिल्ह्याचे इतिहास, स्मरणिका, पर्यटनाची पत्रके आता निघतील. त्यांत पांढुर्ण्याची गोटमार जत्रा येईल, जामसावळीचा मारुती येईल, संत्रा येईल. त्यांत खडी गंमत यावी, आणि गंमत आली तर नाच्यासकट यावी. शाहिराचा फोटो छापायचा आणि बाजूचा लुगड्यातला माणूस कापून टाकायचा, असे होऊ नये. असे कापलेले फोटो मी पाहिले आहेत.

गंमत का आटली याची कारणे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत. सिनेमा आला, ऑर्केस्ट्रा आला, मग डीजे आला, मजूर बोरगावच्या कारखान्यांत आणि नागपूरला कामाला जाऊ लागला. रात्रभर उभे राहायला कोणी मोकळे राहिले नाही. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करणे हे तर व्हायलाच हवे होते. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, त्या दिवशी मराठी रंगभूमी मोठी झाली. बायकांची जागा अडवून पुरुषांनी लुगडे नेसत राहावे, असे माझे म्हणणे नाही. ज्यांनी नेसले, ज्यांनी त्या नेसण्यात जन्म घातला, त्यांच्याशी आपण नीट वागलो नाही, हे माझे म्हणणे आहे.

म्हणून शेवटी मागणे आहे, आणि ते तुमच्याकडे आहे, सरकारकडे नंतर.

आपल्या गावात, मामाच्या गावात, सासरच्या गावात गंमतीत नाचलेला माणूस हयात असेल तर त्याच्याकडे जा. एकटे जा, चारचौघांत त्याला विचारू नका. मोबाइल सगळ्यांकडे आहे, त्याची परवानगी घेऊन त्याची गौळण, त्याचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवा. तो नको म्हणाला तर आग्रह करू नका, नमस्कार करून या. जे गेले त्यांची नावे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या: पूर्ण नाव, गाव, कोणत्या शाहिराच्या फडात होते ते. घरच्यांची हरकत असेल तर नाव वहीत राहू द्या, छापू नका. शिक्षक मंडळींनी ही वही शाळेत ठेवावी. आयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी या मंचावर शाहिरांच्या फोटोशेजारी, ज्यांच्या घरच्यांनी होकार दिला आहे अशा एका तरी नाच्याचा फोटो पूर्ण नावानिशी लावावा आणि त्याच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवावे.